गेलेल्या सासऱ्यांचं पथ्यपाणी

आजवर मी बऱ्याच जणांना पथ्यावर ठेवलं. नवऱ्याला ठेवलं, मुलाला ठेवलं, एकदा पाहुणा आलेला दीर दोन दिवस राहिला तर त्यालाही ठेवलं. पण देवाघरी गेलेल्या माणसाला पथ्यावर ठेवणारी बाई डोंबिवली पूर्वेत बहुधा मी एकटीच असेन. सासरे वारून वर्ष होत आलं होतं. पितृपक्षात त्यांच्या नावाचं पान वाढायची वेळ आली आणि मी त्यांना साखर, पांढरा तांदूळ आणि तळण बंद केलं. त्यांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता. तसं तर त्या काळात मी जिवंत माणसांनाही विचारत नव्हते.

आता मी स्वतः आजी झालेय, सून देईल ते मुकाट खाते, तेव्हा त्या वेळच्या माझ्याबद्दल बोलायला मला काही अडचण वाटत नाही. बाई हुशार होती. फक्त तिला थांबवणारं घरात कुणी नव्हतं.

सुरुवात झाली नवऱ्याच्या रिपोर्टवरून. साखर काठावर आहे, असं आमचे डॉक्टर म्हणाले. गोड जरा कमी करा, संध्याकाळी चालत जा, एवढं सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. मला ते फारच थोडं वाटलं. नवऱ्याच्या तब्येतीचा प्रश्न, आणि त्यावर उपाय म्हणे चालणं. चालतं तर कुत्रंही.

मग आमच्या भिशीतल्या एकीने ठाण्याच्या वर्गाचं सांगितलं. दर रविवारी सकाळी, तलावपाळीजवळच्या एका हॉलमध्ये. आम्हा डोंबिवलीकरांचं एक आहे. डोंबिवलीतल्या कुणी आपल्याला काही शिकवायला सुरुवात केली की आम्ही त्याच्या चुका काढतो. तेच ठाण्याच्या माणसाने सांगितलं की मान डोलवत ऐकतो. वर्ग घेणाऱ्या बाई सडपातळ होत्या, सुती साडी नेसायच्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आयुष्यात कधी भूक न लागलेल्या माणसाची शांती होती. त्या म्हणाल्या, निसर्ग आपल्याला प्रत्येक गोष्ट अख्खी देतो. आपण ती सोलतो, कांडतो, चाळतो आणि उरलेला चोथा चवीने खातो. अख्खं खा.

शेजारच्या खुर्चीवरच्या बायका हे ऐकून घरी गेल्या आणि त्यांनी बहुतेक पोळीच्या पिठात थोडी नाचणी घातली असेल. मी घरी आले आणि पिठाची चाळणी माळ्यावर फेकली.

त्या आठवड्यात आमच्या घरातून साखर गेली, मैद्याची बिस्किटं गेली, रिफाइंड तेलाचा डबा गेला. चहात गूळ आला आणि चहा फाटायला लागला. भाज्या सोलणं मी बंद केलं. दुधी सालासकट, भोपळा सालासकट आणि बियांसकट, कच्ची केळी सालासकट. एकदा संत्र्याच्या सालीची कोशिंबीर केली होती. ती खाल्ल्यावर आमचे चिरंजीव बराच वेळ एका डोळ्याने बघत होते. पोळ्या फुगायच्या बंद झाल्या. आधी पोळी ताटात पडली की पडल्याचं कळत नसे, आता वरच्या मजल्यावर कळायचं. मी मात्र प्रत्येक घासाला सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसायचे आणि बत्तीस वेळा चावा, असं सांगायचे. त्या पोळीला बत्तीस वेळा पुरत नसत, ती गोष्ट वेगळी.

सुरुवातीला घरात कुरकुर झाली. मुलगा कल्याणला कॉलेजात होता, तो डबा न्यायचा आणि रिकामा आणायचा, पण तोंड वाकडं करून. नवरा तोंड वाकडंही करत नसे, नुसता ताटाकडे बघून एक उसासा टाकायचा. मग काही आठवड्यांनी एकदम सगळे गप्प झाले. तक्रार नाही, उसासा नाही. मला वाटलं, शरीराला पटलं. रविवारी मी ठाण्याहून दुपारी घरी यायचे तर घरातली मंडळी तृप्त चेहऱ्याने लवंडलेली असायची आणि घरभर उदबत्त्यांचा वास कोंदलेला असायचा. एक नव्हे, पाच-सहा उदबत्त्या. मी म्हणायचे, बघा, आहार शुद्ध झाला की मन आपोआप देवाकडे वळतं. नवरा म्हणायचा, हो ना. पुढच्या महिन्यात त्याची साखर खाली आली. मग तर मला कुणी बोलायची सोय राहिली नाही.

या सगळ्यात सासूबाई एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या राजापूरकडच्या, बारीक चणीच्या, ऐंशीच्या घरात आलेल्या. वाढलेलं पान त्या कधी नाकारत नसत. एका अर्थी माझा सगळा कारभार त्यांच्या त्या न बोलण्यावर चालला होता. माझ्याजवळ त्यांनी मागितली ती एकच गोष्ट, आणि त्यामागचं कारण मला ठाऊक होतं, हे जास्त वाईट.

सासऱ्यांनाही साखरेचा त्रास होता. नवऱ्याकडे तो त्यांच्याकडूनच आला. शेवटच्या दिवसांत त्यांना गोड पूर्ण वर्ज्य केलेलं. एका संध्याकाळी ते सासूबाईंना म्हणाले, आज वाटीभर तांदळाची खीर कर गं. सासूबाई म्हणाल्या, आज नको, उद्या करते. करायची नव्हतीच, वेळ मारून नेली. ते काही बोलले नाहीत, भिंतीकडे तोंड करून कूस बदलली. सकाळी चहाला उठवायला गेल्या तर ते नव्हते.

हे त्यांनी मला कोथिंबीर निवडताना सांगितलं होतं. डोळ्यांत पाणी वगैरे काही नाही. नुसतं म्हणाल्या, रागावून गेले की तसेच गेले, तेवढं कळायला हवं होतं. आणि ते कळायचा एकच मार्ग त्यांना माहीत होता. पितृपक्षात पान ठेवायचं, त्यात खीर ठेवायची आणि कावळा शिवतो का ते बघायचं. कावळा शिवला म्हणजे माणूस येऊन जेवून गेला, मनात काही राहिलं नाही. वर्षभर त्या त्याच दिवसाची वाट बघत होत्या. मला एवढंच म्हणाल्या, "बाकी तुला हवं ते कर. खीर तेवढी नीट कर."

मी म्हटलं, आई, नीटच करणार. आणि मनात ठरवलं, साधासुधा तांदूळ नाही वापरायचा, हातसडीचा लाल तांदूळ आणायचा.

आंबिवलीच्या पलीकडे एक शेतकरी असा तांदूळ घरी कांडून देतो, असं वर्गात कुणीतरी सांगितलं होतं. त्याला निरोप पाठवला. तो म्हणाला, देतो. पण पाऊस होता, त्याची माणसं कामाला लागलेली, आज देतो उद्या देतो करत सासऱ्यांची तिथी उलटून गेली. मी घरात जाहीर केलं की आपण सर्वपित्री अमावस्येला करू, त्या दिवशी सगळ्यांचंच चालतं. म्हणजे सासरे तिकडून निघालेले आणि मी त्यांना तांदळासाठी वाटेत थांबवून ठेवलेलं. सासूबाई बरं म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी दोन दिवस माझ्याकडे बघितलं नाही, पण मी तांदूळ निवडण्यात इतकी गुंतले होते की ते लक्षात यायला वेळ लागला.

अमावस्येला पहाटेपासून मी ओट्यापाशी. कुणाला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. सासूबाई दोनदा दारापर्यंत आल्या, मी त्यांना पाटावर बसा म्हटलं. वडे केले अख्ख्या काळ्या उडदाचे, सालासकट. तळायचे नव्हते म्हणून आप्पेपात्रात भाजले. ते इतके काळे झाले की कावळ्याला त्यांच्यात कुणीतरी नातेवाईक दिसावा. भोपळ्याची भाजी साल आणि बियांसकट. आमसुलाची चटणी तेवढी नेहमीची, कारण आमसूल म्हणजे मुळातच नुसतं साल असतं. आणि खीर. लाल तांदूळ तीन तास शिजवला तरी दाताखाली उभा राहत होता. त्यात दूध घातलं, कारण दूध हे निसर्गाने अख्खं दिलेलं, असं बाई म्हणाल्या होत्या. त्यात गूळ घातला. दूध फाटलं. मी म्हटलं, फाटलं तर फाटलं, पौष्टिकता कुठे जाते? वाटीत ओतली तेव्हा तिचा रंग भिजलेल्या विटेसारखा होता आणि तिच्यात पांढऱ्या गुठळ्या तरंगत होत्या.

सासूबाईंनी पान बघितलं. "हे काय?" त्यांनी विचारलं.

"खीर."

त्यांनी पुन्हा एकदा खाली वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "बरं."

आम्ही चौघं गच्चीत गेलो. सर्वपित्रीला डोंबिवलीतल्या गच्च्यांचं दृश्य बघण्यासारखं असतं. ज्याला तिथी साधली नाही तो प्रत्येक माणूस त्या दिवशी पान घेऊन वर आलेला असतो. टाक्यांच्या मधून, वाळत घातलेल्या चादरींच्या मागून, सगळीकडून काव काव अशा हाका. कावळे कमी आणि पानं जास्त. त्या दिवशी कावळ्याला निवड असते, ही गोष्ट मी हिशेबात धरलेली नव्हती.

आमच्या गच्चीला अगदी लागून पलीकडच्या इमारतीची गच्ची आहे. मधे फक्त हातभर फट. तिथे पलीकडच्या काकू आपल्या यजमानांचं पान ठेवत होत्या. ते यजमान आणि आमचे सासरे यांचं आयुष्यभर वैर. दोन इमारतींच्या मधल्या भिंतीवर एक शेवग्याचं झाड होतं, त्याच्या शेंगा कुणाच्या यावरून ते इतकी वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते की झाड तोडलं तरी बोलले नाहीत. काकूंच्या पानात पांढराशुभ्र भात, वर पिवळं वरण, तुपाची धार, फुगलेले वडे, आणि वाटीत खीर. तिच्यावर वेलची दिसत होती, इतकी ती पांढरी होती.

एक कावळा आमच्या कठड्यावर येऊन बसला. सासूबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. कावळा खाली उतरला. पानाभोवती चालत एक फेरी मारली, जशी एखादी बाई सेलमधल्या साडीभोवती मारते. खिरीत मान घालून बघितलं, बाहेर काढली. मग एक वडा चोचीत धरला. वडा निसटून फरशीवर पडला आणि टक्क वाजला. कावळा दचकून मागे उडाला. क्षणभर वड्याकडे बघत राहिला. मग हातभर फट ओलांडून पलीकडे गेला आणि काकूंच्या खिरीत चोच बुडवली.

पलीकडच्या काकू स्वभावाने चांगल्या. त्यांना आमची काळजी वाटली. त्या तिकडून म्हणाल्या, "आमच्याकडे आलेत हो. काळजी करू नका, पोटभर जेवतायत."

सासूबाईंच्या चेहऱ्याकडे बघवेना. ज्या माणसाच्या शेंगेला आयुष्यात हात लावला नाही त्याच्या घरी सासरे जेवायला बसले होते, बायकोचं पान टाकून.

आमच्याकडे अशी रीत आहे की कावळा शिवत नसेल तर घरच्यांनी हात जोडून गेलेल्या माणसाला शब्द द्यायचा. मनात काही राहिलं असेल ते आम्ही पुरं करू, असं सांगायचं. नवरा पुढे झाला आणि म्हणाला, बाबा, आईची काळजी करू नका, मी आहे. पलीकडून कावळ्याने मान वर केली नाही. मुलगा म्हणाला, आजोबा, मी यंदा सगळे विषय सोडवतो. त्यावर तर मीही विश्वास ठेवला नसता. मुलाने मग आमच्या गुरुजींना फोन लावला. ते दुसऱ्या घरी अडकलेले, फोनवरच म्हणाले, दर्भाचा कावळा करा, तो पानाला लावा, शास्त्रात चालतं.

सासूबाई पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "गवताला काय कळणार ते रागावलेत की नाही?"

मुलाने फोन ठेवून दिला. सासूबाईंचा निश्चय स्पष्ट होता. कावळा शिवेपर्यंत पाणी नाही, रक्तदाबाची गोळी नाही. ऊन वर चढत होतं.

आता जे मी केलं ते सांगायला मला आजही मजा येते, कारण ते करणारी बाई मी होते यावर नातवंडांचा विश्वास बसत नाही. कावळा परत आमच्या कठड्यावर आल्यावर मी पुढे झाले, हात जोडले आणि त्याला आहाराबद्दल समजावून सांगितलं. म्हटलं, बाबा, हा तांदूळ हातसडीचा आहे, यात फायबर असतं. तुम्हाला साखरेचा त्रास होता म्हणून तर मी गूळ घातला. सुरुवातीला चव लागत नाही, पण सवय झाली की पांढरा भात नकोसा होतो. आमच्याकडे बघा, सगळ्यांना सवय झाली.

कावळ्याने माझ्याकडे एका डोळ्याने बघितलं. संत्र्याच्या कोशिंबिरीनंतर मुलगा बघायचा, तसं.

मागून मुलगा हळूच म्हणाला, "आजोबा, घरात पांढरा तांदूळ परत आणतो आम्ही."

कावळा एक उडी पुढे आला.

नवरा चपळ माणूस नाही, पण त्या दिवशी होता. "चहात साखर घालू, बाबा," तो म्हणाला. आणखी एक उडी. मग दोघांनी मिळून भजी, खारी, बटर आणि रविवारचा वडा एका दमात मंजूर केला. कावळा टुणटुण उड्या मारत पानाच्या कडेपर्यंत आला. आता मला संशय आला की सासऱ्यांच्या नावाने घरातली दोन माणसं माझ्याशी वाटाघाटी करतायत. मी म्हटलं, हे सगळं नंतर बोलू. एवढं म्हणायचा अवकाश, कावळा उडाला. सरळ शीळफाट्याच्या दिशेने गेला आणि दिसेनासा झाला.

मी सासूबाईंपाशी गेले. एवढीशी बाई, अंगाचं मुटकुळं करून बसलेली. मी म्हटलं, आई, निदान गोळी तरी घ्या. त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी उद्या म्हणाले होते ना. आता ते म्हणतायत, उद्या."

ठाण्याच्या बाईंनी यावर काय करायचं ते शिकवलं नव्हतं. माझा सगळा फायबर तिथल्या तिथे गळून पडला. मी वळून नवऱ्याला म्हटलं, पळत वाण्याकडे जा, पांढरा तांदूळ आण, साखर आण.

नवऱ्याने मुलाकडे बघितलं. मुलाने नवऱ्याकडे बघितलं. "वाण्याकडे कशाला?" नवरा म्हणाला.

आम्ही तिघं खाली घरात आलो. मुलगा माळ्यावर चढला. तिथे गणपतीच्या मखराचं मोठं खोकं असतं, त्याच्या मागून त्याने एक स्टीलचा डबा काढला. आंबेमोहोर. त्याच्या मागून दुसरा डबा, साखरेचा. नवऱ्याने आपल्या ऑफिसच्या जुन्या बॅगेतून तुपाची बरणी काढली, आणि वेलचीची पुडी कुठून काढली ते मी विचारलंच नाही. मी तिथे उभी राहून बघत होते. माझ्याच घरात, माझ्या डोक्यावर, एक भरलेलं स्वयंपाकघर सुखाने नांदत होतं आणि मी खाली भोपळ्याच्या बिया चावत होते.

मग खुलासा झाला. रविवारी मी ठाण्याला गेले की घरात साधं वरणभात, बटाट्याची भाजी, कधी शिरा, असा बेत व्हायचा. कोण करायचं, हे विचारायची गरज नव्हती, कारण दोघांपैकी कुणाला चहाही येत नाही. करायच्या सासूबाई. उदबत्त्या फोडणीच्या वासासाठी. मी म्हटलं, मग यांची साखर कशी खाली आली? तेव्हा नवऱ्याने सांगितलं की घराजवळ कुणी बघेल म्हणून तो रोज संध्याकाळी वडापाव खायला ठाकुर्लीपर्यंत चालत जातो, आणि परतही चालतच येतो. डॉक्टर बरोबर होते.

भांडायला वेळ नव्हता. मी वर जाऊन सासूबाईंना म्हटलं, "आई, खीर तुम्ही करा."

त्या उठल्या. इतका वेळ न खाता-पिता बसलेली बाई जिना असा उतरली की मी मागे पडले. हातपाय धुऊन ओट्यापाशी उभ्या राहिल्या. मी बाजूला उभी राहून मागतील ते देत होते, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. त्यांनी तांदूळ धुतला, तुपावर परतला, बोटांनीच जरा चुरडला. दूध उकळायला ठेवलं. साखर मापाने घातली नाही, मुठीने घातली, आणि शेवटी थोडं थांबून आणखी एक मूठ घातली.  ती एक मूठ कुणासाठी होती ते मला कळत होतं, आणि ती घालताना त्या पुटपुटत होत्या तेही ऐकू येत होतं. केली हो, केली, असं काहीतरी.

पुन्हा गच्चीत गेलो. केळीच्या नव्या पानावर भात, वरण, तूप आणि वाटीत खीर. पलीकडे काकू अजून होत्या, त्यांना आता हे प्रकरण सोडून जाववत नव्हतं. आम्ही हाका मारल्या. कुठूनसा एक कावळा आला. तोच होता की दुसरा, मला सांगता येणार नाही. सासूबाईंना विचाराल तर तोच. त्याने भाताकडे बघितलं नाही, वरणाकडे बघितलं नाही. सरळ खिरीत चोच घातली, वर काढली, आणि ती चोच पांढरी झाली होती. मग पुन्हा घातली.

 पलीकडून काकू जरा हिरमुसल्यासारख्या म्हणाल्या, "आमच्याकडचं अर्धं टाकून आले हो." सासूबाईंनी एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्या घराकडे बघून मान हलवली, म्हटलं तर सांत्वन, म्हटलं तर जिंकल्याची खूण. मग तांब्या तोंडाला लावला आणि घटाघट पाणी प्यायल्या. मी गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. ती घेतली.

आम्ही जेवलो तेव्हा दुपार उलटत आली होती. मी खिरीच्या दोन वाट्या खाल्ल्या आणि तिसरी वाढून घेताना नवऱ्याने बघितलं, पण तो शहाणा माणूस, त्याने तूप पुढे सरकवलं. माझे वडे मात्र पुढे कित्येक दिवस गच्चीतच होते. एकदा एक कबुतर त्यातल्या एकावर उभं राहून दुसरीकडे बघत होतं.

त्यानंतर घरात काय झालं, तर थोडं थोडं सगळंच. दुधी पुन्हा सोलला जाऊ लागला. हातसडीचा तांदूळ आठवड्यातून एखाद्या दिवशी, आणि तो मात्र मला खरोखर आवडायला लागला होता, हे कुणी मान्य करत नाही. चाळणी खाली आली. नवरा ठाकुर्लीला चालत जातच राहिला, आता उघडपणे. ठाण्याच्या वर्गाला मी आणखी दोनदा गेले. बाईंनी विचारलं, घरच्यांची प्रगती कशी आहे? मी म्हटलं, वरपर्यंत पोचली.

पण त्या अमावस्येच्या दुपारचं सांगायचं राहिलं. बापलेक आडवे झाले होते. सासूबाई आपल्या चटईवर पडल्या होत्या, डोळे उघडे. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. मनात खूप काही होतं. माझ्या हट्टापायी तुम्हाला उन्हात उपाशी बसवलं, तिथी घालवली, वर्षभर ज्या एका दिवसाची तुम्ही वाट बघत होतात तो मी वाया घालवत होते. त्यातलं निम्मंशिम्मं बोलले असेन. शेवटी म्हटलं, आई, बाबा किती रागावले असतील.

त्या माझ्याकडे वळल्या. सासरे गेल्यापासून त्यांचा चेहरा इतका सैल मी बघितला नव्हता. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "अगं, ते माझ्यावर रागावलेलेच नव्हते. तुझ्यावर रागावले होते. किती बरं वाटलं मला."